मुरुडचा माका आणि आईचे पांढरे केस

दापोलीचा बाजार मागे पडला की रस्ता समुद्राच्या दिशेने उतरू लागतो. आसूदची वळणे ओलांडताना हवेतला ओलावा वाढतो, सुपारीच्या बागा रस्त्याला चिकटून येतात आणि थोड्याच वेळात मुरुड गाव सुरू होते. मधून जाणारी वाट, दोन्ही बाजूंना घरे आणि घरांच्या मागे माड-पोफळींची आगरे, अशी या गावाची जुनी मांडणी आहे. वाचकहो, आपण आश्विनाच्या सुरुवातीला येथे गेलात, तर आगरातल्या पाटाच्या कडेला एक बुटकी, खरखरीत पानांची वनस्पती दाटीने उगवलेली दिसेल. तिची पांढरी फुले गुंडीएवढी लहान असतात. तिचे पान तळहातावर चोळले की हिरवा रस पाहता पाहता काळा पडतो. हाच माका, संस्कृतातला भृंगराज. पितृपक्षात श्राद्धाला त्याची पाने लागतात म्हणून पुण्याच्या मंडईत त्याच्या जुड्या विकायला येतात. येथे मात्र तो कोणी न लावता उगवतो.

या काळ्या पडणाऱ्या रसाच्या ओढीने मी गेल्या वर्षी माझ्या ८४ वर्षांच्या आईला घेऊन तिच्या माहेरी मुरुडला गेले. मुक्काम आठ दिवसांचा ठरला होता. तो पाच आठवड्यांचा झाला. त्याचे कारण आपल्याला सांगावे, म्हणून हे लिहीत आहे.

साठी गाठली तेव्हा माझ्या कानशिलांवरचे केस पूर्ण पांढरे झाले होते. कलप लावून पाहिला, तर मानेवर खाज आणि पुरळ आले. बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे द्रव्य असते आणि ते काहींना सोसत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञांनी तेव्हा समजावून सांगितले. मग कोणीतरी केसांसाठीच्या गोळ्या सुचवल्या. डबीवर बायोटिन, जस्त, तांबे अशी नावे होती आणि ‘केसांचा नैसर्गिक रंग राखण्यासाठी’ असे शब्द होते. मी त्या सुरू केल्या. आई म्हणाली, “तू घेतेस त्यातली एक मलाही दे गं. भाऊ पाच वर्षांनी बघणार मला. एकदम म्हातारी दिसायला नको.” व्हिटॅमिनच्या गोळीने काय होणार, असे म्हणून मी तिलाही रोज एक देऊ लागले. तिच्या डॉक्टरांना विचारायचे मला सुचले नाही.

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, आंबेत, मंडणगड असा आमचा रस्ता होता. वयस्कर माणसाला घेऊन जाताना दर दीड-दोन तासांनी थांबावे लागते. पाय मोकळे करायला उतरले की आई गाडीच्या दाराला धरून थोडा वेळ उभी राही. “पायाला मुंग्या आल्यात,” म्हणे. प्रवासाने आल्या असतील, असे मी धरून चालले.

मुरुडच्या घरी मामी लोटीवर वाट पाहत होत्या. आईला हात देत त्या म्हणाल्या, “वन्सं, या. सावकाश चढा, पायऱ्या उंच आहेत.” मामा आगरातून आले आणि बहिणीकडे बघून हसले. केसांविषयी ते काहीच बोलले नाहीत.

तेल करण्याचा बेत दुसऱ्या दिवशी ठरला. मामींची रीत त्यांच्या सासूकडून आलेली. सकाळी दव सुकल्यावर माका मुळासकट उपटायचा, पाटाच्या पाण्यात खळखळून धुवायचा, पाट्यावर वाटायचा आणि फडक्यातून रस पिळायचा. एक वाटी खोबरेल असेल तर रस चार वाट्या. त्यात पाव वाटी माक्याचाच वाटलेला गोळा. हे प्रमाण आयुर्वेदातल्या तेलपाकाशी तंतोतंत जुळते. तेथेही कल्क एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग सांगितला आहे. जाड बुडाच्या कढईत, चुलीच्या मंद आचेवर हे सारे तास-दोन तास आटत राहते. पाणी उडून गेले की वर फेस येतो. मामी तळाचा थोडा गाळ बोटांत घेऊन वळतात. त्याची वात वळली गेली आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, म्हणजे तेल झाले. पाणी राहिले तर ते महिन्याभरात खवट होते.

कढईजवळ बसून मी मामींना विचारले, “याने खरंच काळे होतात का गं केस?” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे बघ.” त्यांचे केस कापसासारखे पांढरे होते, दाट होते आणि सत्तरी उलटूनही चांगला अंबाडा घालण्याइतके होते. “डोकं शांत राहतं, केस तुटत नाहीत. काळे व्हायचे असते तर मी सगळ्या गावाला तेल विकलं नसतं का?”

मामींच्या या उत्तराला शास्त्राचाही आधार आहे. केसाला रंग देणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असतात. त्या मेलॅनिन तयार करून वाढत्या केसात भरतात. वय वाढते तसा या पेशींचा साठा संपत जातो आणि मग नवा केस रंगाशिवायच वर येतो. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला गोळीने किंवा तेलाने आतून रंग चढत नाही. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे कोणताही उपाय खरा असता, तरी तो प्रथम मुळाशी दिसला असता आणि त्यासाठी तीन-चार महिने लागले असते. आठ दिवसांत रंग बदलल्याचे कोणी सांगत असेल, तर त्या बाटलीत रंग आहे असे समजावे.

पिकलेला केस पुन्हा काळा झाल्याची नोंद अगदीच नाही असे नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये १४ जणांच्या केसांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एका व्यक्तीचे पाच केस सुट्टीवर गेलेल्या काळात पुन्हा गडद झालेले आढळले. परंतु केस नुकताच पिकण्याच्या उंबरठ्यावर असेल तरच असे घडत असावे आणि वर्षानुवर्षे पांढरे असलेले केस ताण कमी झाल्याने काळे होणार नाहीत, असे त्यांनीच स्पष्ट केले. कमी वयात पिकणाऱ्या केसांमागे कधी कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असतो. तो विकार सुधारल्यावर काहींच्या केसांचा रंग परततोही. पण तेथे उपचार विकाराचा होतो, केसांचा नव्हे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामींनी तेल कोमट करून दिले. आई लोटीच्या पायरीवर बसली आणि मी तिच्या मागे पाटावर. इतक्या वर्षांत तिच्या डोक्याला मी हात लावला नव्हता. लहानपणी तिने माझे डोके चोळले होते, शनिवारी न्हाऊ घातले होते. उलट कधी घडलेच नव्हते. पुण्यात आमची कामवाली मुलगी तिची वेणी घालत असे. मी भांग पाडून बोटांच्या टोकांनी तेल जिरवू लागले. केस इतके विरळ झाले होते की टाळूची त्वचा सगळीकडे दिसत होती.

उजव्या कानाच्या मागे, थोडे वर, माझे बोट अडखळले. तेथे जुनी, सुकत आलेली खपली होती आणि तिच्याभोवती दुखरा फुगवटा. आई आखडली.

“हे काय गं?”

“काही नाही. लागलं होतं.”

“कधी?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “गौरी गेल्या त्या रात्री. न्हाणीघरात जाताना पाय कुठे पडला ते कळलंच नाही. भिंतीवर आपटले. तुला सांगितलं असतं तर तू इथे आणलं नसतंस.”

गौरी विसर्जनाला त्या वेळी तीन आठवडे उलटून गेले होते. तीन आठवडे ती त्या बाजूवर निजत नव्हती आणि मला कळले नव्हते. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. प्रवासात ती सतत पेंगत होती. मी त्याला शीण म्हटले होते. आदल्या दिवशी तिने मामांना दोनदा तोच प्रश्न विचारला होता; मी त्याला वय म्हटले होते.

वाचकहो, हे नीट लक्षात ठेवावे. उतारवयात मेंदू किंचित आकसतो आणि कवटीखालच्या बारीक शिरांवर ताण येतो. अशा वेळी डोक्याला लागलेला साधा मारही आतून हळूहळू रक्त झिरपवू शकतो आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. डोकेदुखी, गुंगी, विसराळूपणा, चालताना तोल जाणे, एका बाजूचा हात किंवा पाय मंदावणे ही ती लक्षणे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धोका अधिक असतो. बाहेरून जखम लहान आहे, यावर विसंबून राहू नये.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही खेडमार्गे चिपळूणला गेलो. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूला जुन्या रक्ताचा पातळ थर दिसला. शस्त्रक्रिया लागणार नाही असे डॉक्टरांना वाटत होते, पण त्यांनी तिला तीन दिवस रुग्णालयात ठेवून घेतले. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी काही काळ थांबवली आणि पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांशी स्वतः बोलून पुढे केव्हा सुरू करायची ते ठरवले. हा निर्णय त्यांचा होता. अशी गोळी घरच्या घरी बंद करणे, हाही पडण्याइतकाच मोठा धोका आहे.

मग प्रश्न आला, ती पडली का? रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइडचा अहवाल असा आला की, ग्रंथी अतिशय जोरात काम करते आहे असे वाटावे. ठोके अनियमित असलेल्या रुग्णात हे निदान गंभीर ठरते आणि त्यावर औषधेही सुरू होतात. डॉक्टरांनी मात्र आधी विचारले, “आजी आणखी काय काय घेतात? काढे, पावडरी, व्हिटॅमिन, सगळं सांगा.” मी संकोचत केसांच्या गोळ्यांची डबी दाखवली. त्यांनी बायोटिनचा आकडा वाचला आणि पेन खाली ठेवले.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. त्या एका गोळीत १० मिलिग्रॅम होते, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून अधिक. एवढ्या बायोटिनने शरीराला थेट विषबाधा होत नाही. पण रक्ततपासणीच्या अनेक पद्धतींत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो, त्यामुळे अहवाल चुकतात. थायरॉइड नसलेला विकार दाखवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. गोळ्या बंद करून आठवड्याने पुन्हा तपासणी केली, तेव्हा आईचा थायरॉइड अगदी व्यवस्थित निघाला. नसलेल्या विकाराची औषधे तिला माझ्यामुळे सुरू होणार होती.

कमी होते ते बी-१२. जन्मभराचा शाकाहार आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे चाललेले मेटफॉर्मिन, या दोहोंनी ते उतरत गेले होते. पायांच्या मुंग्या त्यामुळेच असाव्यात असे डॉक्टर म्हणाले. पाय कोठे पडतो आहे हे मेंदूला कळत नाही आणि अंधारात तोल जातो. तिला बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली. केसांसाठी घेतलेल्या गोळ्यांनी निदान झाकोळले होते आणि जे जीवनसत्त्व तिला खरोखर हवे होते, ते त्या डबीत नव्हतेच.

दुसरा स्कॅन होईपर्यंत लांबचा प्रवास नको, असे सांगितल्यामुळे आम्ही मुरुडला परतलो आणि तेथेच राहिलो. त्या दिवसांत हळवे भात कापून झाले, पाटाकडचा माका जून झाला. आईला धरून मी रोज संध्याकाळी दुर्गादेवीच्या देवळापर्यंत नेत असे. देवळाच्या कोरीव लाकडी खांबांजवळ बसून ती जुन्या गोष्टी सांगे.

मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. पुढे १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. आईने लहानपणी आपल्या आजोबांची बहीण पाहिली होती. तांबडे आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर कधीही न ढळू देणारी. “न्हावी मागच्या दाराने यायचा,” आई म्हणाली. “आम्हा मुलींना आत घालवायचे. बारा वर्षांची होती म्हणे, पहिल्यांदा केस काढले तेव्हा. मरेपर्यंत तिला स्वतःच्या केसांचा रंग ठाऊक नव्हता.” मग स्वतःच्या तुरळक वेणीवरून हात फिरवत म्हणाली, “माझे पांढरे तर पांढरे. आहेत ना.”

त्यानंतर काळ्या केसांचा विषय तिने काढला नाही. तेल लावणे मात्र आम्ही थांबवले नाही, आणि डॉक्टरांचीही त्याला हरकत नव्हती. आपल्या घरातही कोणी वयस्कर असेल, तर आम्ही काय करतो ते सांगते.

आठवड्यातून एकदा, उजेडात, आईला पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवते. मान मागे झुकवायची नाही. तेल कोमट, दोन चमचे पुरते. ते बोटांच्या टोकांनी हलके जिरवायचे, रगडायचे नाही. भांग पाडत पाडत कपाळापासून मानेपर्यंत आणि दोन्ही कानांमागे टाळू पाहायची. टेंगूळ, खपली, महिनाभर न भरणारी जखम, वाढत जाणारा डाग यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना दाखवायचे. पिवळसर, चिकट कोंडा असेल तर तेलाने तो वाढू शकतो. अशा वेळी तेल बंद ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना विचारायचे. तासाभराने रिठा-शिकेकाईच्या कोमट पाण्याने केस धुवायचे, तेही स्टुलावर बसवून. तेलाचा एक थेंब फरशीवर पडला तरी पाय घसरतो, म्हणून न्हाणीघरात रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडी बसवली आहे. रात्रभर तेथे मंद दिवा असतो.

खोबरेलाचा उपयोग होतो, एवढे मात्र निश्चित. मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते असे आढळले होते. आईचे केस आता विंचरताना तुटत नाहीत. माझेही मऊ झाले आहेत. गोळ्यांबाबत आमच्या घरी एकच नियम उरला आहे: औषध, काढा, जीवनसत्त्व, जे काही पोटात जाते ते सारे एका वहीत लिहायचे आणि ती वही प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवायची. आपल्या केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असेल, तर रक्त देण्यापूर्वी ते अवश्य सांगावे आणि गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्यावे. जस्तही उगाच दीर्घकाळ घेऊ नये. त्याने शरीरातले तांबे कमी होते. सेलेनियम किंवा ‘अ’ जीवनसत्त्व अति झाले, तर उलट केसच गळतात.

दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्ताचा थर विरत चाललेला दिसला आणि दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुण्याला परत निघालो. निघताना मामींनी तेलाची बाटली दिली आणि आईला म्हणाल्या, “वन्सं, आता पडलात तर आधी सांगा. लपवायला तुम्ही काय लहान आहात?” आई हसली आणि पायरी उतरताना तिने आपणहून माझा हात धरला.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. माझ्या भांगाशी सहा सेंटीमीटर नवे केस आले आहेत. कानशिलांवर ते जसे होते तसेच पांढरे आहेत. मुरुडची बाटली संपत आली आहे. मामींनी आणखी एक पाठवली आहे. आज शनिवार. ऊन गॅलरीत आले आहे, आईची खुर्ची मांडली आहे आणि तेल कोमट करायला ठेवले आहे.